कच्च्या लोखंडाची पक्की गोष्ट

दोस्तांनो, तुमच्या घरात बिडाचा तवा आहे का? घावन, आंबोळ्या, धिरडी ज्याच्यावर छान जाळीदार होतात, तो जाडजूड काळा तवा? असेल, तर तो गार असताना आजीला विचारून जरा उचलून बघा. दोन्ही हातांनी, बरं का! मग त्याच्या शेजारी रोजचा पोळ्यांचा पातळ तवा ठेवा. दोन्ही लोखंडाचेच. पण पोळ्यांचा तवा हातातून पडला, तर त्याला फार तर पोचा येईल. बिडाचा तवा फरशीवर पडला, तर त्याचे सरळ दोन तुकडे होतील! (आणि मग आजी आपले किती तुकडे करील, ते वेगळंच.)

असं का बरं होतं? दोघांचं कूळ एकच, मग एक चिवट आणि दुसरा ठिसूळ कसा?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते! हे लोखंड वितळवून, साच्यात ओतून हवा तो आकार देतात. माझं सगळं लहानपण या बिडाच्या संगतीत गेलं. कोल्हापूरच्या एका छोट्या फाउंड्रीत माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, मोल्डर होते. मोल्डर म्हणजे वाळूचे साचे करणारा कारागीर. इतर मुलांच्या दारात तुळशीवृंदावन असायचं, आमच्या दारात तुळशीवृंदावन तर होतंच, शिवाय आप्पांनी कपडे झटकले की पडणारी काळी वाळूही असायची!

या फाउंड्रीत ट्रकमधून काळपट-करड्या रंगाचे ओबडधोबड ठोकळे यायचे. एका माणसाला दोन हातांनी उचलता येतील एवढे. सगळे त्यांना ‘पिग’ म्हणायचे. मी इंग्रजी शिकायला लागले आणि ‘पिग म्हणजे डुक्कर’ हे समजल्यावर मला हसू आवरेना. लोखंडाला डुक्कर कोण म्हणेल? पण त्या नावामागे खरंच एक गंमत आहे. ती सांगण्यासाठी तुम्हाला आधी एका अजस्र भट्टीपाशी न्यायला हवं.

झोतभट्टीच्या पोटात

लोखंड जमिनीतून लोखंड म्हणून निघत नाही. ते ऑक्सिजनशी घट्ट मैत्री करून, लालसर दगडमातीच्या रूपात बसलेलं असतं. त्याला म्हणायचं लोहखनिज. म्हणजे पृथ्वीच्या पोटातला गंजच म्हणा ना! ही मैत्री तोडायची, तर ऑक्सिजनला लोखंडापेक्षा जास्त आवडणारा कुणीतरी सोबती आणून द्यायला हवा. तो सोबती म्हणजे कार्बन. तो मिळतो कोकमधून. हा कोक आमसुलाचा नव्हे हं! दगडी कोळसा हवा न लागू देता खूप तापवला की त्यातले वायू आणि डांबर निघून जातं आणि मागे राहतो तो कडक, सच्छिद्र कोक.

आता झोतभट्टी डोळ्यांसमोर आणा. दहा मजली इमारतीएवढी उंच, आतून उष्णता सोसणाऱ्या विटांनी मढवलेली. वरच्या तोंडातून तिला खाऊ घालायचा. एक थर कोकचा, एक थर खनिजाचा, सोबत चुनखडी. आणि खालच्या बाजूनं फुंकायची हवा. हवाही साधीसुधी नाही, आधीच हजार-अकराशे अंश सेल्सियसपर्यंत तापवलेली. म्हणून तर तिचं नाव झोतभट्टी.

गरम हवा लागली की कोक पेटतो. झोताच्या तोंडाशी तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जातं. कोकपासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो आणि तो थरांमधून वर वर चढत जातो. वाटेत खनिज भेटलं की त्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतो. बिचारं लोखंड मोकळं होतं, खाली खाली सरकतं आणि वितळतं. खनिजातली वाळू आणि माती चुनखडीशी मिळून वितळलेल्या काचेसारखी होते. ही मळी लोखंडापेक्षा हलकी, म्हणून दुधावरच्या सायीसारखी वर तरंगते. ती वेगळी काढून घेतात. वाया नाही घालवत बरं का, तिची भुकटी सिमेंटमध्ये वापरतात.

ही भट्टी एकदा पेटवली की रात्र नाही, दिवस नाही, दिवाळी नाही, रविवार नाही. वर्षानुवर्षं ती चालूच राहते, कधीकधी पंधरा-वीस वर्षंसुद्धा! मध्येच विझू दिली, तर पोटातला सगळा माल गोठून बसायचा.

भट्टीच्या तळाशी मातीनं बुजवलेलं एक भोक असतं. ठराविक वेळानं ते उघडतात आणि पांढऱ्या-पिवळ्या उजेडाची नदी बाहेर येते. तेच आपलं कच्चं लोखंड! पूर्वी ही नदी वाळूत खणलेल्या पाटात सोडत. एक मोठा पाट आणि त्याला काटकोनात जोडलेले पुष्कळ छोटे छोटे खड्डे. वरून बघितलं, तर एखादी डुकरीण आडवी पडली आहे आणि तिची पिल्लं ओळीनं दूध पीत आहेत, असं दिसायचं. इंग्लंडातल्या कामगारांनी म्हणून त्या ठोकळ्यांना नाव दिलं ‘पिग’. आता वाळूचे पाट गेले. साखळीवर फिरणाऱ्या साच्यांमध्ये ठोकळे पाडतात. पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच!

कच्चं का म्हणायचं?

भट्टीत लोखंडानं ऑक्सिजनची संगत सोडली खरी, पण इतका वेळ कोकच्या शेजारात राहिल्यावर काय होणार? त्याच्यात कार्बन शिरला! शंभर किलो कच्च्या लोखंडात साधारण चार किलो कार्बन असतो. शिवाय थोडं सिलिकॉन, थोडं मँगनीज, आणि नको असलेले फॉस्फरस आणि गंधकही.

या कार्बननं दोन गोष्टी होतात. एक चांगली, एक वाईट. चांगली अशी, की लोखंड लवकर वितळतं. शुद्ध लोखंडाला वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात, तर कच्चं लोखंड साडेअकराशे-बाराशे अंशांच्या दरम्यानच पाणी पाणी होतं. कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो, आठवतं? मिठानं बर्फ शून्याच्याही खाली वितळतो. तसंच काहीसं इथंही. वाईट गोष्ट अशी, की ते ठिसूळ होतं. त्याला ठोकून त्याचा पत्रा काढता येत नाही, ओढून तार काढता येत नाही. हातोडा मारला की तुटलंच. आला ना लक्षात, आजीचा तवा का फुटतो ते?

म्हणूनच कच्च्या लोखंडापुढे दोन वाटा असतात. एक जाते पोलादाकडे, दुसरी जाते ओतकामाकडे.

पहिली वाट : पोलाद

पोलाद करायचं म्हणजे जास्तीचा कार्बन काढून टाकायचा. रेल्वेच्या रुळात एक टक्क्याहूनही कमी कार्बन असतो, आणि मोटारीच्या पत्र्यात तर त्याच्याही कितीतरी कमी. पूर्वी हे काम फार वेळखाऊ होतं. मग १८५६ साली हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकानं जगाला सांगितलं, की वितळलेल्या कच्च्या लोखंडातून नुसती हवा फुंका. लोकांना वाटलं, हवेनं लोखंड थंड होईल! पण झालं उलटंच. हवेतल्या ऑक्सिजननं आतला कार्बन आणि सिलिकॉन जळू लागलं आणि त्या जळण्याच्या उष्णतेनंच लोखंड आणखी तापलं. वेगळं इंधन लागलंच नाही!

आज हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन फुंकतात. ही पद्धत ऑस्ट्रियातल्या लिंझ आणि डोनाविट्झ या गावांत १९५२-५३ साली सुरू झाली. एका मोठ्या भांड्यात दोन-तीनशे टन वितळलेलं कच्चं लोखंड आणि थोडं भंगार घालायचं, वरून जोरात ऑक्सिजन सोडायचा, आणि वीसेक मिनिटांत पोलाद तयार! तुमची मधली सुट्टी संपायच्या आत.

आपल्या देशातल्या पोलादाच्या गोष्टीत विदर्भाचा वाटा आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? जमशेटजी टाटांनी १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या लोहखनिजाविषयीचा एक अहवाल वाचला आणि त्यांच्या डोक्यात कारखान्याचं स्वप्न शिरलं. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा या कामाला उतरला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरला एका अधिकाऱ्याला भेटायला गेले होते. साहेब जागेवर नव्हते. मग वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरचा भूगर्भाचा नकाशा बघत उभे राहिले. त्यात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची गडद खूण होती! तिथल्या टेकड्या खरंच लोखंडानं भरलेल्या निघाल्या. पण कोळसा आणि पाणी यांचा मेळ तिथंही बसेना.

तेवढ्यात २४ फेब्रुवारी १९०४ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या खनिजाची माहिती कळवली. तिथून कोळसाही जवळ होता, आणि सुवर्णरेखा व खरकई या नद्यांचं पाणीही. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात वारले. साकची नावाच्या त्या खेड्यात त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी कारखाना उभा केला. २ डिसेंबर १९११ रोजी तिथल्या झोतभट्टीतून पहिलं कच्चं लोखंड बाहेर आलं, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत पहिलं पोलाद. तेच आजचं जमशेदपूर.

आणि त्या नागपूरच्या नकाशातली दुर्गची खूण? तीही फुकट गेली नाही. त्याच दल्ली-राजहराच्या टेकड्यांचं खनिज पुढे भिलाईच्या कारखान्याला मिळालं. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. साहेब जागेवर नसल्यावर चिडून परत न जाता आसपास काय आहे ते बघावं, ते हे असं!

दुसरी वाट : ओतकाम

आता आमच्या आप्पांची वाट. ही वाट जुनी आहे हं! चिनी लोक दोन हजार वर्षांहूनही आधीपासून लोखंड ओतत होते. इंग्लंडातल्या अब्राहम डार्बीनं १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून कच्चं लोखंड काढलं. त्याला त्यातून काय करायचं होतं, ठाऊक आहे? स्वयंपाकाची भांडी! आणि आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि ओतकाम करून लोखंडी नांगर बनवले. लोखंडानं जमीन बिघडते या भीतीनं शेतकरी आधी ते नांगर घ्यायलाच तयार नव्हते! पुढे हेच नांगर घरोघर गेले. कोल्हापूर-सांगली भागात आज ओतकामाचे कितीतरी कारखाने आहेत. उसाच्या चरकाचे रूळ, पंप, इंजिनांचे भाग तिथं ओतले जातात. गोव्यातल्या आमोण्यालाही कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे.

आप्पांच्या फाउंड्रीत तेव्हा क्युपोला भट्टी होती. क्युपोला म्हणजे झोतभट्टीची धाकटी बहीण. फरक एवढाच, की झोतभट्टी खनिजातून लोखंड काढते आणि क्युपोला तयार कच्चं लोखंड आणि भंगार पुन्हा वितळवते. आठवड्यातून दोन दिवस भट्टी लागायची. बाकीचे दिवस साचे करण्याचे. आप्पा वाळू चाळायचे, तिच्यात माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून मळायचे. मुठीत दाबली की लाडवासारखी बसली पाहिजे आणि मोडली की दोनच तुकडे झाले पाहिजेत, ही त्यांची परीक्षा. मग लाकडी नमुना त्या वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. वस्तू आतून पोकळ हवी असेल, तर भाजून कडक केलेल्या वाळूचा गाभा मध्ये बसवायचा. भट्टीच्या दिवशी दोघं जण लांब दांड्याचं भांडं उचलून तो लाल रस साच्यात ओतायचे. एक थेंब पाण्यावर पडला तरी तोफेसारखा आवाज! आप्पांच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग होते. मी लहान असताना त्यांना चांदण्या म्हणायची.

पांढरं की करडं?

१९९१ साल. मी सातवीत होते. त्या वर्षी फाउंड्रीच्या मालकांनी खर्च कमी करायला पिगचे ठोकळे आणणं जवळजवळ बंद केलं. त्याऐवजी भट्टीत भंगार वाढवलं. पोलादी पत्र्यांचे तुकडे, सळ्यांचे तुकडे, काय मिळेल ते. दिसायला सगळं लोखंडच ना!

तीन आठवड्यांनी पंपांच्या बॉड्यांचा अख्खा टेम्पो परत आला. वस्तू दिसायला सुबक होत्या, पण इतक्या कडक, की छिद्र पाडताना गिऱ्हाइकाची ड्रिलं मोडली. फोरमननी निकाल देऊन टाकला : मोल्डरांनी वाळू ओली ठेवली, म्हणून लोखंड भसकन गार होऊन कडक झालं. शनिवारच्या पगारातून चारही मोल्डरांचे पैसे कापले. पुढच्या शनिवारीही कापणार, असं सांगितलं.

त्या रात्री आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. आईनं डब्यातले पैसे दोनदा मोजले. आप्पा फक्त चौथी शिकलेले. फोरमन डिप्लोमावाले. कोण कुणाचं ऐकणार? पण आप्पा शांतपणे पिशवीतून दोन तुकडे काढून मला म्हणाले, “हे बघ बाळ. हा आताच्या मालाचा, ह्यो दिवाळीच्या आधीचा. काय फरक दिसतोय?”

आताचा तुकडा मोडला होता तिथं पांढरा आणि चमचमीत होता. जुना करडा होता, आणि त्याच्यावर बोट घासलं तर पेन्सिलीसारखा डाग उमटायचा. उमटणारच! कारण त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो, आणि पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं. करड्या बिडात हे पापुद्रे वंगणासारखे काम करतात, म्हणून ते सहज कापता येतं. पण कार्बनला पापुद्रे व्हायला दोन गोष्टी लागतात. पुरेसं सिलिकॉन, आणि सावकाश गार होणं. त्या मिळाल्या नाहीत, तर कार्बन लोखंडाशीच जखडून बसतो आणि पांढरं, काचेसारखं कडक बीड तयार होतं. ओतकामाच्या पिगमध्ये सिलिकॉन भरपूर असतं. पोलादी भंगारात ते अगदी थोडं. हे शास्त्र मला पुढे पुस्तकात भेटलं. आप्पांना ते तुकड्याच्या रंगात दिसत होतं.

सोमवारी ते मालकांसमोर उभे राहिले. “मालक, एक तुकडा ओतून बघूया. माझी चूक निघाली तर पैसं कापा, न्हाईतर कामावरनं काढा.”

मालकांनी ऐकलं. मी दुपारी डबा घेऊन गेले होते, ती दाराशीच थांबले. आप्पांनी पाचरीच्या आकाराचे दोन साचे केले होते. एक नेहमीच्या ओल्या वाळूत, दुसरा भाजलेल्या कोरड्या वाळूत. भट्टीत माल तोच, भंगारच जास्त. दोन्हीत एकाच भांड्यातून रस ओतला. गार झाल्यावर हातोड्यानं पाचरी मोडल्या. पाचरीचं टोक पातळ असतं, ते लवकर गार होतं, म्हणून तिथं थोडा पांढरेपणा असायचाच. तो किती वर चढलाय, ते बघायचं. त्या दिवशी दोन्ही पाचरी टोकापासून पार वरपर्यंत पांढऱ्या! म्हणजे कोरड्या वाळूतही तेच. वाळूचा गुन्हा नव्हता.

पण आप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या भट्टीला त्यांनी कोपऱ्यात उरलेले पिगचे ठोकळे घालायला लावले, आणि पाचर मुद्दाम त्याच ओल्या वाळूत ओतली. ती मोडली. फक्त टोक पांढरं, बाकी सगळी करडी. मालकांनी बोट घासून पाहिलं. बोटाला काळा डाग लागला.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मालक “बरं” एवढंच म्हणाले. पण आठवड्यात पिगचा ट्रक आला. कापलेले पैसे दोन हप्त्यांत परत मिळाले. फोरमननी कधी तोंडानं काही कबूल केलं नाही, पण त्यानंतर प्रत्येक भट्टीला पाचर मोडायच्या आधी ते आप्पांना हाक मारायचे. आणि परत आलेल्या त्या पंपांचं काय झालं? फोडून, पिगबरोबर पुन्हा भट्टीत घातले. त्यांचेच चांगले पंप झाले!

दोस्तांनो, शाळेत शिक्षक प्रयोगाच्या वेळी सांगतात ना, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा? चौथी शिकलेल्या माणसानं पोटाची काळजी असताना नेमकं तेच केलं. आधी वाळू बदलली, माल तोच. मग माल बदलला, वाळू तीच. कुणी आपल्यावर खोटा आळ घेतला, तर रागानं आवाज चढवण्यापेक्षा ही रीत जास्त कामाला येते, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

एकदा मी आप्पांना विचारलं, “याला कच्चं लोखंड का म्हणतात? बिचाऱ्याला किती नावं ठेवायची!” ते हसून म्हणाले, “कच्चं म्हंजे कमी न्हवं गं. कच्चं म्हंजे त्याचं काय व्हायचं ते अजून ठरायचंय.”

किंमत कोण मोजतं?

गोष्ट इथंच संपवली, तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. लोखंडाची किंमत नुसती रुपयांत नसते. साच्यांच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की फुप्फुसं कडक होतात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून तो होऊ न देणं हाच उपाय. आप्पांनाही शेवटची काही वर्षं जिना चढताना दम लागायचा. आज पुष्कळ फाउंड्र्यांत विजेच्या भट्ट्या आल्या आहेत, धूळ ओढून घेणारी यंत्रं आली आहेत. पण यंत्र असणं आणि ते रोज चालू ठेवणं, यात फरक असतो. नाकावरचा मास्क चैनीसाठी नसतो.

दुसरी किंमत सगळी पृथ्वी मोजते. झोतभट्टीत कार्बननं ऑक्सिजन हिसकावला, असं मघाशी म्हटलं. तो घेऊन कार्बन शेवटी जातो कुठं? कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. या वाटेनं एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आणि भारत तर २०१८ पासून पोलादाच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे! म्हणून आता शास्त्रज्ञ ऑक्सिजनला वेगळा सोबती शोधत आहेत : हायड्रोजन. हायड्रोजननं ऑक्सिजन हिसकावला, तर तयार होतं काय? नुसतं पाणी! स्वीडनमध्ये लुलिओ इथं २०२० साली असा प्रायोगिक कारखाना सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्या लोखंडापासूनचं पहिलं पोलाद गिऱ्हाइकाला दिलं गेलं. अजून ही पद्धत महाग आहे. पुरेसा हायड्रोजन आणि तो करायला स्वच्छ वीज हवी. हे कोडं सोडवायला कदाचित तुमच्यातलंच कुणी लागेल. कोण जाणे!

तोपर्यंत तुमच्यासाठी एक सोपा उद्योग देते. शिंप्याच्या जुन्या शिलाई मशीनचा नक्षीदार पाय, बाजारातलं लोखंडी वजन, पाण्याच्या पंपाची बॉडी यांच्याकडे जरा जवळून बघा. कडेनं एक बारीक उंचवट्याची रेघ दिसेल, कधी घासून पुसट झालेली, कधी स्पष्ट. साच्याचा वरचा आणि खालचा भाग जिथं एकमेकांवर बसले, त्या सांध्याची ती रेघ. किती रेघा सापडल्या, ते वहीत लिहून ठेवा. आणि प्रत्येक रेघेपाशी क्षणभर आठवा, की हे साचे कुणीतरी हातानं, वाळू मुठीत दाबून बघून केले होते.